वांड कपाट

इंदूला जाऊन दोन महिने झाले तेव्हा तिचा नवरा मारोती नगराळे तिच्याकडची वाचनालयाची किल्ली परत द्यायला गेला. किल्ली द्यायची, एक सही करायची आणि घरी यायचं, एवढंच काम होतं. वणीकडच्या कोळसा खाणीत तेहतीस वर्षं डंपर चालवलेल्या माणसाला पुस्तकांच्या खोलीत याहून जास्त थांबण्याचं कारणही नव्हतं. शाळा सुटल्यापासून त्याने वाचलं होतं ते ड्युटीचा तक्ता आणि पेपरातली मयताची जाहिरात.

मारेगावच्या बाजारगल्लीतलं हे वाचनालय दोन खोल्यांचं. इंदूने तिथे ग्रंथपाल म्हणून बावीस वर्षं काढली. आता तिच्या खुर्चीत वाचनालयाचे सचिव पांढरीपांडे बसले होते. तहसीलमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, कागदाला कागद जुळवणारा माणूस. खोलीत तीन टेबलं मांडून स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी डोकं खाली घालून वाचत होती. जागा न मिळालेली एक मुलगी दाराजवळ फरशीवरच बसली होती.

“बरं झालं आलात, नगराळे,” पांढरीपांडे म्हणाले. “हे कोपऱ्यातलं कपाट आता काढतोय. तिथे दोन टेबलं बसतात. समितीने ठराव केलाय.”

मारोतीने कपाटाकडे पाहिलं. हिरवं, लोखंडी, एक पाय मोडलेला म्हणून खाली वीट लावलेली. ती वीट त्यानेच आणून दिली होती. इंदू त्याला वांड कपाट म्हणायची. घरातल्या सरळ पोरांपेक्षा वांड पोरावर आईचा जीव जास्त असावा, तसा तिचा त्या कपाटावर होता. आत त्रेचाळीस पुस्तकं. नोकरी लाथाडून रस्त्याने निघालेल्यांची, कवितेत शिव्या तशाच छापणाऱ्यांची, देवाला आणि सरकारला उलट विचारणाऱ्यांची, मांडलेल्या संसारातून उठून गेलेल्या बायांची. काही तर धड पुस्तकंही नव्हती, सायकलोस्टाइल करून पिना मारलेली चोपडी होती. कोणी रद्दीत टाकलेली, कोणी मेल्यावर घरच्यांनी पोत्यात भरून आणून दिलेली.

“अन् पुस्तकं?”

“रद्दी.” पांढरीपांड्यांनी देवघेवीची नोंदवही त्याच्यापुढे फिरवली. “मी काय आकसाने म्हणतोय का? तीन वर्षं बघा. यातल्या एकाही पुस्तकावर एकाही वाचकाची सही नाही. कोणी नेतच नाही हो.”

“हे खोटं हाये, साहेब. पुस्तकं जात होती.”

“मग सह्या कुठे आहेत?”

मारोतीने नोंदवहीची दोन पानं उलटून पाहिली. पुस्तकं जात होती हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण कित्येक त्यानेच पोचवली होती. मोटरसायकलच्या पिशवीत, वर मेथीची जुडी. “हे अमक्याच्या हातात दे. तोंडानं काई बोलू नको,” इंदू सांगायची. तो देऊन यायचा. आत काय आहे हे इंदूच कधी आपणहून सांगायची; त्याने एकदाही विचारलं नाही, आणि नोंद का नाही हेही विचारलं नाही.

किल्ली त्याच्या मुठीतच राहिली.

“किती सह्या पाह्यजेत?” त्याने विचारलं.

पांढरीपांड्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, “मार्चअखेर यादी पाठवायची आहे. तीस तारखेला संध्याकाळी पाचला नोंदवही बंद. तोवर निम्म्यांवर, म्हणजे बावीस पुस्तकांवर सही झाली, तर मी समितीला सांगतो की कपाट वापरात आहे. वर्षभर कोणी हात लावणार नाही.” आवाज खाली आणून ते पुढे म्हणाले, “तुम्हीच सभासद व्हा. रोज दोन न्या, रोज दोन आणा. अकरा दिवसांत काम होतं. मी बघत नाही.”

“न वाचता सही करू?”

“वाचलं की नाही हे नोंदवही विचारत नाही.”

“इंदू इचारत होती,” मारोती म्हणाला.

त्याने सभासदाचा अर्ज भरला आणि किल्ली परत न देताच घरी आला.

सह्या म्हणजे लोकांच्या हाताच्या, आणि ज्यांनी वाचलंय ते लोक आपल्याला माहीत आहेत. एकेकाकडे जायचं, नोंदवहीत सही घ्यायची. त्याला हा हिशेब सरळ वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो वर्षाच्या किराणा दुकानी गेला. पस्तिशीची, नवऱ्याच्या माघारी दुकान ओढणारी बाई. गल्ल्यावर सासू बसली होती, वर्षा आत साखर तोलत होती.

“वर्षाबाई,” मारोती खणखणीत आवाजात म्हणाला, “इंदू तुमाले ते लाल पुठ्ठ्याचं पुस्तक देत होती ना, घर सोडून गेलेल्या बाईचं? तेच्यावर एक सही पाह्यजे होती. वाचनालयात येऊन जा.”

वर्षाचा हात थांबला. साखर पुडक्याबाहेर सांडली.

“कोनतं पुस्तक? मी तं पेपरही पाह्यत नाही, काका.”

“आमची सून शिरेल पाह्यते, बुकं नाही,” सासू म्हणाली. “तुमाले दुसऱ्या कोनाचं नाव सांगतलं असंन.”

“नाही, म्याच तं आनून…” एवढं बोलून मारोतीच्या लक्षात आलं आणि तो थांबला. पण उशीर झाला होता. पायरी उतरताना मागून सासूचा आवाज आला, “कोनतं पुस्तक व? घर सोडून गेलेल्या बाईचं?”

चार दिवसांनी वर्षाने त्याला बाजारात गाठलं. भाजीच्या पालांमधून ती तरातरा आली ती सरळ त्याच्यापुढे उभी राहिली.

“काकूनं सोळा वर्षं कोनाले कळू देलं नाही. तुमच्यानं सोळा मिनिटं दम नाही धरवला! चार दिवसांपासून घरात एकच इचारना, ‘तुले बी जायाचं हाये का घर सोडून?’”

“चुकलं, पोरी.”

“काकू नोंद काहून करत नव्हती, मालूम हाये? ते नोंदवही टेबलावर उघडी राह्यते. कोनीबी येते, पानं पलटवते. मास्तर सरकारच्या इरोधातलं पुस्तक नेते, हे हेडमास्तरले तिथंच समजते. सून काय वाचते हे सासूले समजते. म्हनून नव्हती करत.”

मारोती मान खाली घालून उभा राहिला. बावीस वर्षं पुस्तकं पोचवली आणि एवढी गोष्ट समजली नाही.

“सही मी करत नाही,” वर्षा म्हणाली. मग निघता निघता वळली. “तुमी वाचलं का ते पुस्तक?”

“नाही.”

“मंग पयले वाचा. मंग या लोकाच्या दारात.”

त्या दिवसापासून मारोतीने ठरवलं की जुन्या वाचकांपैकी एकाच्याही दारात जायचं नाही. इंदूने जे झाकलं ते झाकलेलंच राहील. सह्या नव्या लोकांच्या घ्यायच्या, आणि त्यासाठी पुस्तकं आधी आपण वाचायची. एकसष्टाव्या वर्षी तो रोज सकाळी दहाला वाचनालयात येऊन वांड कपाटाशी स्टूल टाकून बसू लागला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. पोरंपोरी आधी हसली, मग विसरली.

पहिलं पुस्तक संपायला सहा दिवस लागले. एका कारकुनाचं होतं ते. त्याने आपल्या कचेरीतल्या एकेका साहेबाला एकेक जनावर करून गोष्टी लिहिल्या, त्या स्वतःच छापल्या आणि त्याच कचेरीच्या फाटकासमोर उभं राहून विकल्या. मारोती एकदा एवढ्या जोरात हसला की पांढरीपांड्यांनी चष्म्यावरून पाहिलं. सही करताना त्याने शेवटचं पान उलटलं, तर मागच्या पुठ्ठ्याच्या आत इंदूच्या हातची पेन्सिलीची चिठ्ठी चिकटवलेली. एकच शब्द. ‘साहेबाशी.’

त्याने उठून मधल्या फळीवरची पुस्तकं उघडून पाहिली. प्रत्येकात चिठ्ठी होती. ‘बापाशी.’ ‘देवाशी.’ ‘गावाशी.’ ‘जातीशी.’ ‘स्वतःशी.’

मग त्याला आठवलं. संध्याकाळी तिला न्यायला तो बाहेर मोटरसायकलवर बसलेला असायचा आणि आतून तिचा आवाज यायचा. पुस्तक मागायला आलेल्याला ती कधी विचारत नसे की कथा हवी का कादंबरी. ती विचारायची, “सध्या कोनासंग भांडून राह्यले?” समोरचा हसायचा, टाळायचा आणि मग सांगायचा. तसं पुस्तक ती काढून द्यायची.

नेमसिंग राठोड एसटीत कंडक्टर होता, झरीच्या फेरीवर. दुपारी बस लागली की चहाला उतरायचा. मारोतीने चहाच्या टपरीवरच त्याला गाठलं.

“नेमसिंग, सध्या कोनासंग भांडून राह्यला?”

“भांडत नाही बा कोनासंग. काहून? कोनी काई सांगतलं का?” नेमसिंगने बशी खाली ठेवली. “अन् भांडून उपेग काय? पोळा असो का दिवाळी, तो डेपोतला साहेब मलेच झरीवर टाकते. बायको म्हनते, तिकडंच दुसरं घर केलं का तुमी.”

मारोतीने पिशवीतून कारकुनाचं पुस्तक काढलं. “हे ने. याच्यात तुह्या साहेबाचं घुबड केलं हाये.”

“मारोतीभाऊ, तुमी कदीपासून मास्तर झाले?”

“वाचून तं पाह्य. आवडलं तं वाचनालयात नाव लिहाचं, आपल्या हातानं. नाही आवडलं तं लिहू नको.”

तिसऱ्या दिवशी नेमसिंग वर्दीतच वाचनालयात आला. “घुबड नाही भाऊ, आमचा साहेब तं तो सरडा हाये, पान चाळीसवरचा,” म्हणाला आणि तिकिटाच्या पेनने नोंदवहीत ठळक सही ठोकली. उघडी नोंदवही कोणी वाचेल तर वाचो. त्याने आणखी एक नेलं आणि पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरलाही घेऊन आला.

दाराजवळ फरशीवर बसणाऱ्या मुलीचं नाव मिताली. ती तिसऱ्यांदा परीक्षा देत होती. मारोतीने तिलाही तोच प्रश्न विचारला.

“बाबांशी,” तिने वहीतून डोकं न काढता सांगितलं. “ते म्हणतात औंदा झालं नाही तं लगन. अन् तुमच्याशीबी भांडलं पाह्यजे खरं तं. ते कपाट हललं की मले टेबल भेटते, काका.”

“मालूम हाये.”

“तरी मलेच सांगता पुस्तक वाच म्हणून?”

“कपाट राह्यलं तं माह्यं स्टूल तुले देतो. मी खाली बसन.”

ती हसली. “परीक्षेत येते का यातलं काई?”

“काईच येत नाही. बापाचं ऐकून मोठा साहेब झालेला अन् मंग सारं सोडून रेल्वेनं हिंडलेला मानूस हाये. बापाले कागद लिहिते. बाप एकाचंही उत्तर देत नाही. मले तं त्या बापाचाच राग आला. तुले काय वाटते ते वाचून सांग.”

तिला बापाचा राग आला नाही. तिला त्या मुलाचा राग आला. मागे राहिलेल्या बहिणीला त्याने एकही पत्र लिहिलं नाही म्हणून. यावरून दोघं अर्धा तास इतक्या आवाजात भांडले की पांढरीपांड्यांनी दोघांनाही बाहेर काढलं. बाहेर पायरीवर भांडण पुढे चाललं आणि ते ऐकायला आणखी तिघं आले. त्या तिघांनी एकेक पुस्तक नेलं. दोघांनी वाचून सही केली. तिसऱ्याने पुस्तक तसंच आणून दिलं आणि म्हणाला, “काका, आपल्याले नाही जमलं हे.” मारोतीने ते परत कपाटात ठेवलं.

मार्च तापू लागला. सह्या पंधरा झाल्या, सतरा झाल्या. मारोतीचं वाचनही सुधारलं, ओठ हलायचे थांबले. काही पुस्तकं त्याला अजिबात आवडली नाहीत. एक कवी उगाच शिव्या देतो असं त्याचं मत झालं आणि ते त्याने सगळ्यांना सांगितलं. तेच ऐकून मितालीच्या मैत्रिणीने ते पुस्तक नेलं.

लाल पुठ्ठ्याला मात्र त्याने हात लावला नव्हता. कपाटाच्या वरच्या फळीवर ते होतं. वाचायला घ्यायचं म्हटलं की वर्षाच्या हातातली साखर आठवायची, आणि तो शेजारचं काढायचा.

तीस तारखेच्या सकाळी सह्या एकवीस होत्या. नेमसिंगकडे असलेलं बाविसावं पुस्तक यायचं होतं, पण त्याला राळेगावची जादा फेरी लागली होती. त्याचा फोन आला, “भाऊ, अजून साठ पानं राह्यली. माह्यं नाव तुमीच लिहून टाकता का, उद्या वाचतो?”

“नको,” मारोती म्हणाला.

रद्दीवाल्याने संध्याकाळसाठी आतापासूनच दाराशी हातगाडी आणून लावली होती. मारोतीने उठून लाल पुस्तक काढलं. एकशे चाळीस पानं. सकाळचे साडेदहा झाले होते.

ते कोण्या एका बाईनं स्वतः पदरमोड करून छापलेलं होतं. एका तालुक्याच्या गावातली बाई, दोन पोरं मोठी झालेली. एक दिवस भाजी चिरता चिरता उठते, पिशवीत दोन लुगडी आणि एक वही टाकते आणि बसस्टँडवर जाऊन बसते. कुठेच जात नाही. अकरा दिवस तिथेच राहते आणि वहीत लिहिते. नवरा मारत नाही, दारू पीत नाही. तिने काय विचार केला हे फक्त त्याने तीस वर्षांत कधी विचारलेलं नाही.

मारोतीने दोनदा पुस्तक मिटलं. एकदा पाणी पिऊन आला. मितालीने डबा पुढे केला, त्याने नको म्हटलं. अडीचला त्याची शंभर पानं झाली होती. अकराव्या दिवशी नवरा बसस्टँडवर येऊन तिच्या शेजारी बसतो. ती घरी जाते की नाही हे त्या बाईनं लिहिलेलंच नव्हतं. नवरा विचारतो, “काय लिवलं?” एवढ्यावर पुस्तक संपत होतं.

पाचला चाळीस मिनिटं राहिली होती. त्याने मागचा पुठ्ठा उघडला. इंदूची चिठ्ठी होती, ‘नवऱ्याशी.’ आणि तिच्याखाली, आतापर्यंत पाहिलेल्या एकाही पुस्तकात नव्हत्या तशा, बारीक अक्षरात तारखा. अकरा तारखा.

काही त्याला ओळखू आल्या. यवतमाळला ग्रंथपालांच्या मेळाव्यात तिला बोलायला बोलावलं होतं आणि त्याने घरी पाव्हणे येणार म्हणून जाऊ दिलं नव्हतं, ती तारीख. धाकट्या मुलीचं लग्न ठरवताना तिला न विचारता त्याने सुपारी फोडली, ती तारीख. पण सात तारखांना काय झालं होतं हे त्याला कितीही आठवलं तरी आठवेना. त्या त्या दिवशी त्यांचं भांडण झालं होतं, आणि झालेलं त्याला माहीतच नव्हतं.

शेवटची तारीख मागच्या नऊ नोव्हेंबरची होती. तेव्हा ती आजारी होती. त्या दिवशी त्याने पपई आणली होती, एवढंच त्याला आठवलं. पपई कापून दिली होती. ती काही बोलली होती का? आता विचारायला ती नव्हती.

तो पुठ्ठा मिटून उठला. मग पांढरीपांड्यांच्या टेबलापाशी गेला, नोंदवही ओढली आणि पुस्तकाचं नाव लिहिलं. त्यापुढे आपलं, पूर्ण. मारोती दशरथ नगराळे.

“बावीस,” पांढरीपांडे म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं, सही पाहिली, मग मारोतीचं तोंड पाहिलं. उठून दाराशी गेले आणि रद्दीवाल्याला म्हणाले, “जा बाबा. कपाट राहतंय.”

हातगाडी वळली तेव्हा तिला वाट करून देत वर्षा पायरी चढली. हातात किराण्याची पिशवी, कपाळाला घाम. भरल्या खोलीत, सगळ्या पोरांदेखत ती मारोतीपुढे उभी राहिली.

“झालं का वाचून?”

“आत्ताच झालं.”

“मंग?”

मारोतीने लाल पुठ्ठ्यावरून हात फिरवला. “त्या नवऱ्यानं इचारलं शेवटी,” तो म्हणाला. “अकरा दिवसांनी का व्हयना. म्या नाही इचारलं, पोरी.”

वर्षाने पिशवी खांद्याला अडकवली. तिने त्याच्या हातातून पुस्तक घेतलं आणि नोंदवही आपल्याकडे वळवली.

“सही लागत नाही आता,” मारोती घाईने म्हणाला. “झाल्या बावीस. तुह्या घरी उगाच…”

“तुमच्या गिनतीसाठी नाही करून राह्यली मी,” वर्षा म्हणाली. “सासूबाई दीड महिन्यापासून इचारतात कोनतं पुस्तक, कोनतं पुस्तक. म्हटलं, आता आनूनच दाखवा लागते. त्याईले चौथीपर्यंत वाचता येते.”

तिने मारोतीच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं, तारीख घातली आणि पुस्तक पिशवीत सगळ्यात वर, उघड दिसेल असं ठेवून गेली.

पाच वाजले. पांढरीपांड्यांनी नोंदवही बंद केली. मारोतीने आपलं स्टूल उचलून मितालीच्या वह्यांजवळ नेऊन ठेवलं आणि वांड कपाटापुढे खाली फरशीवर मांडी घातली. सही नसलेली एकवीस पुस्तकं राहिली होती. त्याने खालच्या फळीवरचं पहिलं काढलं, आधी मागचा पुठ्ठा उघडून पाहिला. चिठ्ठी होती, ‘देवाशी.’ त्याने पहिलं पान उलटलं.

“नगराळे, मी कुलूप लावतोय,” पांढरीपांडे दारातून म्हणाले.

“किल्ली माह्यापाशी हाये, साहेब,” मारोती म्हणाला. “तुमी व्हा पुढं.”